ठाण्याची खाडी आणि रोहितांचे अभयारण्य

साष्टी बेट आणि कोकणची मुख्य भूमी यांच्यामधून ठाण्यापर्यंत आत शिरलेला, सुमारे २६ किलोमीटर लांबीचा समुद्राचा फाटा म्हणजे ठाण्याची खाडी. दक्षिणेला ती मुंबई बंदराच्या रुंद पाण्यात मिसळते. उत्तरेला ठाणे शहराजवळ ती इतकी आक्रसते की एका चिंचोळ्या प्रवाहानेच तिचे उल्हास नदीच्या खाडीशी नाते उरते. पावसाळ्यातले ओढेनाले सोडले तर तिला गोड्या पाण्याचा मोठा पुरवठा नाही. तिचे सारे चलनवलन भरती-ओहोटीवर चालते. उधाणाच्या दिवसांत भरती आणि सुकती यांच्या पातळ्यांत चार-पाच मीटरचा फरक पडतो, आणि पाणी उतरले की दोन्ही काठांवर चिखलाची लांबच लांब मैदाने उघडी होतात. या चिखलाच्या कडेने तिवरांचे दाट जंगल आहे. ऐरोलीच्या पुलापासून वाशीच्या पुलापर्यंतचा खाडीचा पट्टा आज ‘ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य’ म्हणून संरक्षित आहे. हिवाळा सरता सरता हजारो माणसे रोहित पक्षी पाहायला येथे येतात. चाळीस वर्षांपूर्वी असे कोणी सुचवले असते तर ते कोणालाच पटले नसते, कारण त्या काळी खाडीची ओळख सांडपाणी, कारखाने आणि कचरा एवढीच उरली होती.

त्याआधीची ओळख वेगळी होती. शिलाहारांच्या काळात श्रीस्थानक, म्हणजे ठाणे, हे राजधानीचे ठिकाण आणि भरभराटीचे बंदर होते. खाडीतून गलबतांची ये-जा चाले. पुढे पोर्तुगीज आले, १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले आणि १७७४ मध्ये ते इंग्रजांकडे गेले. सत्ता बदलत राहिल्या तरी काठावरच्या कोळीवाड्यांचे आणि आगऱ्यांच्या गावांचे दिवस पाण्याच्याच तालावर चालले. कोळी पाग टाकून बोय आणि कोळंबी धरत, डोल लावत, चिखलातून निवट्या आणि चिंबोऱ्या काढत. आगरी लोकांनी खाजणांना बांध घालून काही ठिकाणी भाताची खारी शेते केली आणि काही ठिकाणी मिठागरे. मुलुंड, भांडुप, कांजूर, वडाळा या पट्ट्यात आणि पलीकडे उरणपर्यंत मिठाच्या कोंड्यांची रांगच होती. उधाणाचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, कोंडीत आटवायचे आणि पाऊस येण्यापूर्वी मीठ उचलायचे, हा वर्षाचा क्रम. याच उथळ, खाऱ्या कोंड्या पुढे पक्ष्यांच्या विसाव्याच्या जागा ठरल्या. मीठ पिकवणाऱ्यांनी कोंड्या पक्ष्यांसाठी बांधल्या नव्हत्या, तरी खाडीतल्या पक्षिजीवनाच्या इतिहासात त्यांच्या श्रमांचा वाटा मोठा आहे.

भरतीची वेळ ओळखण्याचा या लोकांचा हिशेब आजही खाडीवर जाणाऱ्याच्या उपयोगाचा आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास दुपारी व मध्यरात्री बाराच्या आसपास. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. खाडीच्या आतल्या टोकाला पाणी पोचायला थोडा उशीर लागतो, तेवढी भर या हिशेबात घालायची. पुढे ज्या पक्ष्यांसाठी ही खाडी नावारूपाला आली त्यांचा दिनक्रमही याच गणिताने चालतो.

आधुनिक काळ खाडीवर आला तो पुलावरून. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली आणि १८५४ मध्ये खाडीवरून रूळ टाकून ती कल्याणला नेण्यात आली. त्यानंतर शंभर वर्षांत काठाचे रूप पालटत गेले. १९२७ पासून देवनारला शहराचा कचरा पडू लागला. स्वातंत्र्यानंतर ट्रॉम्बेला तेलशुद्धीकरण कारखाने, वीजकेंद्र आणि अणुसंशोधन केंद्र आले. १९६०च्या दशकात ठाणे-बेलापूर रस्त्याच्या कडेने औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि तिच्यातल्या रासायनिक कारखान्यांचे पाणी ओढ्यांवाटे खाडीत येऊ लागले. १९७० मध्ये ‘सिडको’ची स्थापना झाली, पुढे वाशीचा पूल बांधला गेला आणि पूर्वेकडच्या खाजणांवर नवी मुंबई वसू लागली. खाडीचे तोंड आणि पात्र दोन्ही गाळाने उथळ होत गेले. कोळ्यांच्या जाळ्यात मासळी कमी आणि प्लास्टिक अधिक येऊ लागले. ज्यांनी खाडी बिघडवली ते एक आणि ज्यांची चूल विझली ते दुसरेच, हे या सगळ्यातले सर्वांत मोठे अन्यायाचे कलम आहे. अभयारण्याच्या कौतुकात ते विसरले जाऊ नये.

नेमक्या याच बिघडलेल्या पाण्यावर रोहित आले. मुंबईच्या आसपास हा पक्षी पूर्वी क्वचित दिसे. १९९०च्या दशकाच्या पूर्वार्धात शिवडी आणि माहूलच्या चिखलावर त्याचे मोठे थवे दिसू लागले. प्रथम संख्या काही हजारांत होती, मग ती दरवर्षी वाढत गेली. भारतात रोहितांच्या दोन जाती आहेत आणि खाडीत दोन्ही येतात. मोठा रोहित उंच, पांढरट-गुलाबी, फिक्या गुलाबी चोचीचे टोक तेवढे काळे. लहान रोहित बुटका, अधिक गडद, चोच काळपट-किरमिजी. खाडीत बहुसंख्य असतो तो लहान रोहित. जगभर त्याची अवस्था नाजूक मानली जाते आणि आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेच्या यादीत तो ‘संकटसमीप’ वर्गात आहे.

तो येथे का आला, याचे उत्तर त्याच्या चोचीत आहे. रोहित मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरतो. जाडसर जीभ दट्ट्यासारखी मागेपुढे होते, पाणी आत ओढले जाते आणि चोचीच्या कडांवरच्या बारीक दातेरी पट्ट्यांमधून गाळून बाहेर पडते. मोठ्या रोहिताची गाळणी जाड, त्यामुळे त्याच्या वाट्याला छोटे कवचधारी जीव, अळ्या, शिंपल्यांची पिल्ले येतात. लहान रोहिताची गाळणी इतकी बारीक की तो डोळ्यांना न दिसणारी नील-हरित शैवालेही टिपतो. शहराच्या सांडपाण्यातून नायट्रोजन आणि फॉस्फरस येत राहिले, गाळाने उथळ झालेल्या पाण्यात ऊन तळापर्यंत पोचले आणि शैवालांची वाढ जोमाने झाली. त्यांच्यातल्याच रंगद्रव्यांमुळे रोहितांची पिसे गुलाबी होतात. म्हणून खाडीतला गुलाबी रंग पाण्याच्या स्वच्छतेची पावती नाही. सांडपाण्यासोबत जड धातू आणि कारखान्यांची रसायनेही त्याच चिखलात उतरली आहेत, आणि पोषणाचा हा भर ठरावीक मर्यादेपलीकडे गेला तर पाण्यातला प्राणवायू संपून शैवालांची जातकुळीही बदलू शकते. पाणी शुद्ध करायलाच हवे, पण खाडीला अन्न कोठून मिळते याचे भान ठेवून, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे.

रोहित मुंबईत घरटी करत नाहीत. चिखलाची बुटक्या शंकूसारखी घरटी ते कच्छच्या रणात बांधतात, पावसाचे पाणी तेथे साचल्यावर. मोठ्या रणातल्या त्या वसाहतीचा अभ्यास सालिम अली यांनी १९४०च्या दशकात केला आणि ‘फ्लेमिंगो सिटी’ हे नाव सर्वतोमुखी झाले. खाडीत पक्षी साधारण नोव्हेंबरपासून येऊ लागतात, जानेवारी ते एप्रिल त्यांची गर्दी असते आणि पावसाच्या तोंडावर बहुतेक निघून जातात. करड्या-मातकट रंगाची पिल्लेही थव्यात असतात, त्यांना पूर्ण गुलाबी व्हायला दोन-तीन वर्षे लागतात. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने २०२२ मध्ये काही रोहितांना उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसवले, तेव्हा गुजरातकडे जाण्याच्या त्यांच्या वाटा प्रत्यक्ष नकाशावर आल्या.

रोहित पाहायला जाण्याची प्रथा शिवडीच्या धक्क्यावर पडली. जागा कोणत्याही सहलीच्या पुस्तकात शोभण्यासारखी नव्हती. एका बाजूला जुन्या बोटी तोडण्याचे आणि दुरुस्त करण्याचे काम, दुसऱ्या बाजूला कोळशाचे आणि मालाचे ढीग, मागे ट्रॉम्बेच्या चिमण्या. त्याच धक्क्याच्या पायथ्याशी हजारो पक्षी चरत असत. शिवडी स्टेशनला उतरून मालट्रकच्या रस्त्याने चालत जायचे, एवढाच खर्च. पक्षिमित्र, शाळांच्या सहली, छायाचित्रकार आणि रविवारी घरची मुले घेऊन येणारी कुटुंबे अशी गर्दी वाढत गेली. सोसायटीने येथे रोहित महोत्सव भरवले, दुर्बिणी लावून लोकांना पक्षी दाखवले. २००४ मध्ये शिवडी-माहूलच्या चिखलपट्ट्याची ‘महत्त्वाचे पक्षिक्षेत्र’ म्हणून नोंद झाली. ही नोंद सन्मानाची होती, कायद्याचे बळ तिला नव्हते. तरी मुंबईकरांच्या मनात खाडीला मान मिळाला तो आधी या धक्क्यावर, सरकारी कागदावर नंतर.

धक्क्यावर येणाऱ्यांना पहिला धडा पाण्याच्या वेळेचा मिळे. ऐन ओहोटीला पक्षी पाण्याच्या कडेसोबत दूर आत गेलेले असतात आणि दुर्बिणीतूनही ठिपक्यांएवढे दिसतात. ऐन भरतीला चिखल बुडतो आणि थवे उडून जातात. भरतीच्या दोन-तीन तास आधी, पाणी चढू लागले की तेच पाणी पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणते. भरती ओसरताना तोच क्रम उलटा. रोहितांबरोबर उचाट्या, शेकाट्या, पाणटिवळे, तुतवार, चिखले, कुरव असे पक्षी असतात. त्यांतले बरेचसे मध्य आशिया आणि सायबेरियाकडून आलेले. खाडीच्या परिसरात २००हून अधिक जातींचे पक्षी नोंदले गेले आहेत. तिवरांत कोल्हेही राहतात. मुंबईच्या उपनगरांत आजही कोल्हेकुई ऐकू येते ती याच जंगलातून.

संरक्षणाची कायदेशीर वाट पक्ष्यांच्या नावाने सुरू झाली नाही. ती तिवरांच्या नावाने सुरू झाली. १९९१ मध्ये केंद्राने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली, पण भराव टाकणे आणि तिवर तोडणे थांबले नाही. काही अपवाद होते. विक्रोळीत गोदरेज समूहाने आपल्या ताब्यातले तिवरांचे मोठे जंगल १९८०च्या दशकापासून अभ्यासाची सोय करून राखले. एरवी रात्रीतून बांध घालून पाणी अडवायचे, झाडे वाळली की जागा मोकळी म्हणायची, हा सर्रास मार्ग होता. बॉम्बे एन्व्हायर्न्मेंटल ॲक्शन ग्रुपच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यभरातली तिवरांची तोड थांबवली, तिवरांभोवती ५० मीटरच्या पट्ट्यात बांधकामाला मनाई केली आणि सरकारी जमिनीवरची तिवरे संरक्षित वन म्हणून वनखात्याकडे देण्यास सांगितले. पुढे १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालाने तिवरांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला. २६ जुलै २००५ च्या महापुरात बुडालेल्या शहराला पाणी शोषून घेणाऱ्या काठांची किंमत तोवर कळली होती.

२००५ च्या आदेशाची अंमलबजावणी करायला वनखात्याकडे वेगळी यंत्रणा नव्हती. २०१२ मध्ये राज्याने कांदळवन कक्ष स्थापन केला आणि एन. वासुदेवन यांच्या नेतृत्वाखाली त्याचे काम सुरू झाले. मोजणी झाली, अतिक्रमणे हटली, गस्त सुरू झाली. रोपवाटिकांतून तिवर आणि कांदळाची रोपे लावली गेली. खाडीच्या काठच्या जमिनी महसूल, सिडको, महापालिका, मिठागर आयुक्त, बंदर आणि खासगी मालक अशा अनेक हातांत होत्या. त्यांतून सलग पट्टा वनखात्याकडे आणणे हेच खरे कष्टाचे काम होते. या पायावर ऑगस्ट २०१५ मध्ये अभयारण्याची अधिसूचना निघाली. क्षेत्र सुमारे १,६९० हेक्टर, त्यात ८९६ हेक्टर तिवरांचे जंगल आणि बाकीचे पाणी व चिखल. १९८७ च्या मालवण सागरी अभयारण्यानंतर हे राज्यातले दुसरे सागरी अभयारण्य ठरले. मात्र ज्या शिवडीने रोहितांची ओळख करून दिली ती अभयारण्याच्या हद्दीत आली नाही. बंदराची जमीन आणि होऊ घातलेला समुद्री पूल हे दोन्ही तेथे होते.

अभयारण्यामुळे पाहण्याची रीत बदलली. २०१७ मध्ये ऐरोलीला सागरी व किनारी जैवविविधता केंद्र सुरू झाले. निवटी, चिंबोऱ्या, तिवरांची श्वसनमुळे, किनाऱ्यावरचे शंखशिंपले यांची ओळख येथे करून दिली जाते आणि मग लोकांना बोटीने खाडीत नेले जाते. बोटींच्या फेऱ्या भरतीच्या वेळेप्रमाणे ठरतात, म्हणून त्या रोज वेगळ्या वेळी सुटतात. कधी सकाळी सातला, कधी भर दुपारी. भांडुपच्या उदंचन केंद्राजवळूनही बोटी जातात. बोट थव्याच्या फार जवळ नेऊ नये, इंजिन मंद ठेवावे, पक्षी उडवून छायाचित्र काढू नये, हे नियम साधे वाटतात पण महत्त्वाचे आहेत. चरण्याचे तास पाणी ठरवते, त्यातली दहा-वीस मिनिटे उड्डाणात गेली तर ती भरून निघत नाहीत. बोट चालवणारे, वाट दाखवणारे हात पुष्कळदा काठच्या कोळीवाड्यांतले असतात. २०१७ पासून कांदळवन संरक्षणाच्या योजनेत निसर्ग पर्यटनाबरोबर चिंबोरीपालन, कालवांची शेती अशा उपजीविकांना राज्याने आधार दिला. खाडीची खरी माहिती ज्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहे त्यांना तिच्या संरक्षणातून दोन पैसे मिळू लागले, ही या साऱ्या इतिहासातली सर्वांत समाधानाची गोष्ट आहे. हरवलेल्या मासेमारीची भरपाई तेवढ्याने होत नाही, हेही खरे.

त्याच वर्षांत खाडीवरची बांधकामे थांबली नाहीत. शिवडीहून न्हावाशेव्याकडे जाणारा २१.८ किलोमीटरचा सागरी सेतू रोहितांच्या चिखलावरूनच सुरू होतो. काम चालू असताना धक्क्यावरची गर्दी ओसरली आणि पाहणारे भांडुप, ऐरोली, नेरूळकडे वळले. पक्ष्यांवर होणारा परिणाम नोंदवण्याचे काम सोसायटीकडे देण्यात आले, पुलाच्या त्या भागात आवाज अडवणारे पडदे बसवले गेले आणि १२ जानेवारी २०२४ रोजी हा पूल ‘अटल सेतू’ या नावाने खुला झाला. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेचा सुमारे सात किलोमीटरचा बोगदा खाडीच्या तळाखालून जातो. पुलाऐवजी बोगदा निवडण्यामागे अभयारण्य हेही एक कारण होते. २०१९ च्या सुमारास सोसायटीच्या गणनांत रोहितांचा आकडा एक लाखाच्या पुढे गेला. २०२० च्या टाळेबंदीत नेरूळच्या पाणथळींवरचे गुलाबी थवे देशभरच्या वृत्तपत्रांत झळकले. तेव्हा माणसांची वर्दळ थांबल्याने पक्षी वाढले असे सांगितले गेले, पण वाढ त्याआधीपासूनचीच होती. २०२१ मध्ये अभयारण्याभोवती पर्यावरणीय संवेदनक्षेत्र जाहीर झाले आणि ऑगस्ट २०२२ मध्ये अभयारण्य व संवेदनक्षेत्र मिळून सुमारे ६,५२१ हेक्टर परिसर आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत आला. नांदूर मधमेश्वर आणि लोणार यांच्यानंतरचे ते महाराष्ट्रातले तिसरे रामसर स्थळ.

रामसरचा दर्जा मिळाला तरी एक मोठी उणीव राहिली आणि ती पक्ष्यांच्या दिनक्रमातूनच दिसते. ओहोटीला रोहित खाडीत चरतात, म्हणजे बव्हंशी संरक्षित पट्ट्यात. भरती आली की त्यांना उभे राहायला उथळ पाणी लागते. ते त्यांना मिळते भांडुपच्या मिठागरांत, नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींत, उरणजवळच्या पाणजे आणि भेंडखळच्या खाजणांत. यांतल्या बहुतेक जागा अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहेत आणि आराखड्यांत त्यांच्याकडे बांधकामयोग्य जमीन म्हणून पाहिले गेले. हद्द आखताना पक्ष्यांच्या दिवसाचा अर्धा भागच हिशेबात धरला गेला. नेरूळच्या एका पाणथळीवर गोल्फचे मैदान करण्याची योजना नागरिकांच्या याचिकेवरून २०१८ मध्ये उच्च न्यायालयाने रद्द केली. शेजारच्या डीपीएस तलावात खाडीचे पाणी येण्याची वाट बुजली, तलाव आटला आणि २०२४ च्या उन्हाळ्यात तेथे रोहित मेलेले आढळले. त्याच वर्षी २० मे रोजी रात्री घाटकोपरवर उडत असलेल्या थव्याला विमानाची धडक बसून सुमारे चाळीस पक्षी मेले. पक्षी रात्री का उडाले याच्या चर्चेत बुजलेल्या पाणथळींचा आणि ठिकाण शोधत फिरणाऱ्या थव्यांचा मुद्दा पुढे आला. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाल्यावर तो आणखी महत्त्वाचा झाला आहे, कारण थव्यांना ठरलेली जागा मिळाली तर त्यांच्या वाटाही ठरलेल्या राहतात.

डीपीएस तलावासाठी काठावरच्या रहिवाशांनी मानवी साखळ्या केल्या, तक्रारी केल्या, पाण्याची वाट मोकळी करून घेण्यासाठी सतत पाठपुरावा केला. वाट मोकळी झाली, पाणी आले आणि त्यामागून रोहितही परतले. २०२५ मध्ये सुमारे ३० एकरांच्या या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्याचा निर्णय राज्याने घेतला. भरतीच्या वेळी रोहित जेथे थांबतात अशा खाडीबाहेरच्या जागेला संरक्षण देण्याच्या दिशेने टाकलेले ते महत्त्वाचे पाऊल आहे. भांडुपची मिठागरे आणि उरणची खाजणे यांच्याबाबतचा तसा निर्णय अजून व्हायचा आहे.